चौथा अक्ष बसवलाय: ०° ची खाच बरोबर, १८०° ची चुकते. चूक नेमकी कुठे?

गाळा नंबर १४ | रविवार, रात्री १०.४०

मंडळी, नमस्कार. साकीनाक्याला आमचा छोटा गाळा आहे. एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं, कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन), दोन लेथ, मी आणि दोन मुलं. मशीनला चौथ्या अक्षाची तयारी आधीपासून होती, कंट्रोल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) फॅनकचा. गेल्या महिन्यात एका व्यापाऱ्याकडून जुनी रोटरी, म्हणजे जॉब फिरवणारं टेबल, घेतली, १७० मिमीची. टेबलावर उजव्या टोकाला बसवलीय, अक्ष एक्सच्या समांतर, म्हणजे ए अक्ष. वर तीन जबड्यांचा चक.

पहिलंच काम कपलिंगच्या हबचं घेतलं. बाहेरचा व्यास ५० मिमी, त्यावर ९० अंशांवर चार खाचा, प्रत्येक ८ मिमी रुंद. वाय शून्य असं घेतलं: चकमध्ये जॉब धरला, एज फाइंडरने (कड शोधायच्या साधनाने) पुढची बाजू, मागची बाजू, अर्धं केलं. झेड जॉबच्या माथ्यावरून.

पहिला लॉट गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्शनमधून परत आला. मग इथे सरफेस प्लेटवर व्ही-ब्लॉकमध्ये ठेवून एकेक खाच तपासली. ०° ची मध्यावर. ९० आणि २७० ची सेंटरपासून ०.०३ सरकलेली. १८० ची ०.०६. शिवाय ९० ची खाच ०.०३ जास्त खोल आणि २७० ची तेवढीच कमी खोल.

विकणारा म्हणतो वर्म-व्हीलमध्ये (टेबल फिरवणाऱ्या गिअरमध्ये) प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल, रिपेअरला पाठवा, खर्च येईल. चाळीस नग फुकट गेलेत आणि पुढचा लॉट शनिवारी द्यायचाय. खरंच प्ले आहे का, की माझंच काही चुकतंय?

---

भांडुपचा फिटर | रविवार, रात्री ११.१५

दादा, जुन्या रोटरीत बॅकलॅश, म्हणजे हाच प्ले, असतोच, आधी तेच बघा. चकच्या तोंडावर एक लांब पट्टी बांधा. सेंटरपासून बरोबर १०० मिमीवर डायलचा काटा टेकवा, ब्रेक सोडा आणि पट्टी हाताने वर-खाली ढकला. १०० मिमी त्रिज्येवर ०.०१ मिमी म्हणजे साधारण २१ सेकंद. काटा तीन-चार रेघा (एक रेघ ०.०१) हलला तर वर्म घट्ट करायची वेळ आली. बऱ्याच रोटऱ्यांत वर्मचं घर एक्सेंट्रिक असतं, ते फिरवून वर्म व्हीलजवळ आणता येतो. काहींना ड्युअल लीड वर्म असतो, त्यात वर्म लांबीत सरकवायचा. फार घट्ट करू नका, एकाच जागी तपासून तर अजिबात नको. व्हील सगळीकडे सारखं झिजलेलं नसतं. पूर्ण फेरा हलकं फिरलं पाहिजे.

---

टूलरूमचे काका | सोमवार, सकाळी ६.२०

गाळा १४, रोटरी रिपेअरला पाठवू नका. तुमचे आकडेच सगळं सांगतायत.

०.०६ मिमीचा दोष प्लेमुळे येत असता तर २५ मिमी त्रिज्येवर तो ८ मिनिटांहून जास्त कोन झाला असता. एवढा प्ले डायल न लावता हातालाच कळतो, चक धरून हलवला की टकटक होते. दुसरं, प्लेमुळे खाच कोनात चुकेल, एका बाजूला खोल आणि समोरच्या बाजूला उथळ कशी होईल?

आता हे बघा. तुम्ही वाय शून्य घेतला तो जॉबच्या सेंटरवर. रोटरीच्या सेंटरवर नाही. ही दोन सेंटर वेगळी आहेत, आणि चकचं सेंटर तिसरं. आपण तिन्ही एकच धरून चालतो आणि तिथे फसतो.

समजा चकने जॉब ०.०३ बाहेर धरलाय आणि ए० ला ते ०.०३ वायच्या दिशेने आहेत. तुम्ही तिथे शून्य मारला. पहिली खाच जॉबच्या मधोमध येणारच. ए१८० ला जॉबचं सेंटर अक्षाच्या दुसऱ्या बाजूला ०.०३ गेलं, तुमचा कटर मात्र जुन्याच जागी. ०.०३ आणि ०.०३ मिळून ०.०६. ए९० ला तेच ०.०३ झेडमध्ये वर आले, म्हणून खाच तेवढी खोल, आणि वायमध्ये कटर ०.०३ बाजूला. ए२७० ला जॉब खाली गेला, खाच उथळ. तुम्ही लिहिलेले चारही आकडे जुळतात. इतकं स्वच्छ मोजून लिहिलंत म्हणून इथे बसून सांगता आलं.

रोटरीचं खरं सेंटर काढायला मँड्रेल (तपासणीचा अचूक बार) नसला तरी चालतं. चकमध्ये एक गोल बार धरा, थोडा बाहेर पळाला तरी हरकत नाही. ए० ला एज फाइंडरने दोन्ही बाजू घेऊन वायचं सेंटर काढा, मशीन कोऑर्डिनेटमध्ये लिहा. बार न सोडता ए१८० करा, पुन्हा तेच. दोन आकड्यांची सरासरी म्हणजे रोटरीचं सेंटर. दोघांतल्या फरकाचं अर्धं म्हणजे बार वायमध्ये किती बाहेर आहे ते. झेडलाही असंच: ए० ला माथा, ए१८० ला माथा, सरासरीतून बारची त्रिज्या वजा. त्रिज्या मायक्रोमीटरने मोजलेली घ्या, ड्रॉइंगवरची नको.

हे दोन आकडे एका ऑफसेटमध्ये (कंट्रोलमध्ये शून्याची जागा साठवायच्या खणात) भरून ठेवा, मी जी ५९ राखून ठेवायचो. रोटरी उतरवून पुन्हा बसवली की नव्याने काढायचे. मशीन सकाळी थंड असताना काढू नका, अर्धा तास स्पिंडल फिरू द्या.

---

गाळा नंबर १४ | सोमवार, सकाळी ९.०५

काका, हे वाचून लोकलमध्येच कागदावर चारही जागा काढून बघितल्या. तंतोतंत जुळतात. आज दुपारी बार लावतो.

एक शंका. वाय शून्य रोटरीच्या सेंटरवर घेतला तरी जॉब चकमध्ये ०.०३ बाहेरच राहणार ना? मग खाचा एकमेकींना जुळतील, पण बाहेरच्या व्यासाला नाही. सॉफ्ट जॉ (जॉबच्या मापाला बोअर करता येणारे मऊ जबडे) लावू का? आमच्या लेथवर बोअर करून आणतो.

---

टूलरूमचे काका | सोमवार, सकाळी ९.४०

शंका बरोबर. मात्र लेथवर बोअर केलेले सॉफ्ट जॉ लेथच्या सेंटरला खरे असतात. चक काढून रोटरीवर आणला की तो खरेपणा तिथेच राहतो. आणि रोटरीवर बसवून बोअर करावे तर व्हीएमसीचा स्पिंडल उभा आणि रोटरीचा अक्ष आडवा.

दोन वाटा आहेत. एक, चार जबड्यांचा स्वतंत्र चक लावून प्रत्येक नग डायलने खरा करायचा. अचूक होईल, पण चाळीस नगांना दिवस जाईल. दुसरी माझ्या आवडीची. चकच्या मागच्या बॅकप्लेटला जो उंचवटा असतो, ज्यावर चक घट्ट बसतो, तो लेथवर व्यासात ०.२ मिमी कमी करा. आता चकला सरकायला जागा झाली. चक बसवा, बोल्ट अर्धवट आवळा, त्यात ५० मिमीचा ग्राइंड केलेला बार धरा, डायल लावा आणि नायलॉनच्या हातोडीने चक हलकेच ठोका. काटा एका रेघेत आला की बोल्ट समोरासमोरचे आवळत जा, प्रत्येक वेळी काटा बघत. त्या व्यासाला तुमचा तीन जबड्यांचा चक खरा झाला. व्यास बदलला की पुन्हा तपासा, कारण जबड्यांची स्क्रोल (जबडे सरकवणारी सर्पिल आटी) सगळीकडे सारखी नसते.

चक चावीने आवळताना रोज एकाच चौकोनातून आवळा. त्याला खुणेचा ठिपका द्या. एवढ्याने सुद्धा रनआउट, म्हणजे जॉबचं बाहेर पळणं, एकसारखा राहतो.

---

मेंटेनन्सवाला, वागळे इस्टेट | सोमवार, दुपारी १.३०

यांत्रिक बाजू काकांनी सांगितली, मी कंट्रोलची सांगतो. जुनी रोटरी घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

वर्मचं गुणोत्तर पाटीवर बघा. १:९० असेल तर मोटरच्या एका फेऱ्याला टेबल ४ अंश फिरतं. फॅनकच्या फ्लेक्सिबल फीड गिअरमध्ये (मोटरचे फेरे आणि टेबलाचे अंश जुळवणाऱ्या गुणोत्तरात), म्हणजे पॅरामीटर २०८४ आणि २०८५ मध्ये, ०.००१ अंशाच्या हिशोबाने ४००० भागिले १० लाख, म्हणजे १ आणि २५० येतं. १:७२ असेल तर ५ अंश, म्हणजे १ आणि २००. मागे एका ठिकाणी ९० चे आकडे तसेच ठेवून ७२ ची रोटरी जोडली होती. ए९० दिलं की टेबल ११२.५ अंश जायचं. ए३६० ला ४५०. पहिल्या दिवशी चकवर मार्करने रेघ मारून एक फेरा फिरवला असता तर लगेच दिसलं असतं.

पॅरामीटर १००६ मध्ये अक्ष रोटरी आहे हे सांगावं लागतं, १२६० मध्ये एका फेऱ्याचे ३६० अंश, १०२० मध्ये नाव, ए साठी ६५. १००८ फार लोक बघत नाहीत. त्यात रोल-ओव्हर (३६० नंतर मोजणी पुन्हा शून्यापासून) चालू असेल आणि जवळच्या वाटेने जाण्याची सेटिंग असेल तर ए३५० वरून ए१० ला टेबल २० अंश पुढे जातं. रोल-ओव्हर नसेल तर ३४० अंश उलटं फिरून येतं. जॉबला क्लॅम्प बाहेर आलेले असतील तर हा उलटा फेरा कटरवर आदळू शकतो.

पॅरामीटरला हात लावण्याआधी सगळ्याचा बॅकअप कार्डवर घ्या. हे मी हात जोडून सांगतो.

रोटरी उतरवताना मशीनची पॉवर बंद करूनच केबल काढा. आधी १००५ आणि १२ या दोन्ही पॅरामीटरमधला सातवा बिट चढवून अक्ष सोडवा, नाहीतर पॉवर दिल्यावर सर्व्होचा अलार्म येईल. केबलच्या तोंडावर झाकण लावा, कूलंट गेलं तर पिन सडतात. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर (पॉवर गेली तरी जागा लक्षात ठेवणारा सेन्सर) असेल तर केबल काढल्यावर बॅटरीचा संपर्क तुटतो आणि पुन्हा जोडल्यावर ३०० नंबरचा अलार्म येतो. म्हणजे ए चं शून्य हरवलं. चकवर किंवा फेसप्लेटवर एक सपाट जागा कायमची करून ठेवा. तिला डायल लावून शून्य परत आणायचं, मग पॅरामीटर १८१५ मध्ये चौथा बिट चढवायचा.

---

नवी मिलर | सोमवार, रात्री ८.१०

मी आयटीआय करून विक्रोळीला एका जॉब शॉपमध्ये लागलेय, चौथा अक्ष पहिल्यांदाच वापरतेय. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे, इथेच विचारला तर चालेल ना?

नायलॉनच्या ड्रमवर हेलिकल ग्रूव्ह (मळसूत्रासारखी खाच) करायचाय, ५० मिमी व्यासावर. एक्स २० मिमी जातो तेव्हा ए ९० अंश फिरतो. फीड (कटर सरकण्याचा वेग) २०० दिलं तरी कटर रेंगाळत चालतोय असं दिसतं, नायलॉन वितळून कटरला चिकटतं. ओव्हरराइड (फीड कमी-जास्त करायचं बटण) १०० टक्क्यांवरच आहे.

---

कॅम आणि पोस्ट | सोमवार, रात्री ९.२५

ताई, अगदी इथेच विचारा. कटर रेंगाळतोय हे तुम्ही बरोबर पाहिलंत.

जी ९४ मध्ये, म्हणजे मिनिटाला मिलिमीटर अशा नेहमीच्या फीडमध्ये, रेषेचा आणि रोटरीचा अक्ष एकत्र हलले की कंट्रोल एक अंश म्हणजे एक मिलिमीटर धरतो. त्याच्या मते तुमचा रस्ता २० आणि ९० चा कर्ण, म्हणजे ९२.२. ते २०० ने भागलं की ०.४६ मिनिट. पण ५० मिमी व्यासावर एक अंश म्हणजे फक्त ०.४३६ मिमी, ९० अंशांचे ३९.३ मिमी. खरा रस्ता ४४.१ मिमी. म्हणजे कटर प्रत्यक्षात ९६ च्या आसपास चालतोय, तुम्ही मागितलेल्याच्या निम्मा. व्यास ११४.६ मिमी असता तर हिशोब बरोबर आला असता, कारण तिथे एक अंश म्हणजे एक मिलिमीटर. त्याहून मोठ्या व्यासावर उलटं होतं, कटर धावतो आणि तुटतो.

उपाय जी ९३. त्यात एफ म्हणजे मिनिटाला किती वेळा हा ब्लॉक पूर्ण होईल. २०० भागिले ४४.१, एफ ४.५४. प्रत्येक ब्लॉकला एफ लिहावाच लागतो. काम संपलं की जी ९४ परत द्यायला विसरू नका, नाहीतर पुढच्या साध्या मिलिंगचा फीड कंट्रोल याच हिशोबाने वाचेल. पोस्टमध्ये (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या भागात) इन्व्हर्स टाइम, म्हणजे हेच जी ९३, चालू केलं की कॅम (प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) स्वतः लिहितो.

मशीनवर सिलिंड्रिकल इंटरपोलेशनचा ऑप्शन असेल तर आणखी सोपं. जी ०७.१ ए२५. असं त्रिज्या देऊन एका वेगळ्या ब्लॉकमध्ये चालू करायचं, जी ०७.१ ए० ने बंद. मग फीड उलगडलेल्या पृष्ठभागावरचा धरला जातो, हिशोब तुम्हाला करावा लागत नाही.

---

भांडुपचा फिटर | सोमवार, रात्री १०.००

ताई, ब्रेक सुटलाय ना याची खात्री करा. चार खाचांसारख्या कामात खाच मारताना ब्रेक लावायचा, फिरवताना सोडायचा. तुमचं काम सतत फिरण्याचं, त्यात ब्रेक पूर्ण वेळ सुटलेला हवा. बऱ्याच मशीनवर एम १० क्लॅम्प आणि एम ११ अनक्लॅम्प, पण हे मशीन बनवणाऱ्यावर असतं, तुमच्या मशीनच्या पुस्तकात बघा. ब्रेक अडकलेला असताना टेबल फिरवलं तर आधी वर्म-व्हील खातं आणि मग मोटर तापते. सर्व्हो मॉनिटरच्या पानावर ए चा लोड बघत जा, नुसतं फिरताना तो जवळपास एकसारखा दिसला पाहिजे.

आणि सध्या जुलै आहे. आपल्याकडच्या या हवेत कॉम्प्रेसरच्या टाकीत रोज केवढं पाणी साठतं! तेच पाणी हवेच्या लाइनमधून ब्रेकच्या पिस्टनपर्यंत जातं, पिस्टन गंजतो आणि अर्धवट सुटतो. सकाळी मशीन चालू करण्याआधी टाकीचा आणि फिल्टरचा कॉक उघडून पाणी काढा. आमच्याकडे पावसाळ्यात हे दिवसातून दोनदा होतं.

---

नवी मिलर | मंगळवार, रात्री ७.५०

सगळ्यांचे मनापासून आभार. जी ९३ ने काम झालं! चिप दोऱ्यासारखी सुटून बाहेर यायला लागली.

आज आणखी एक शिकले ते सांगते. आमच्या सरांनी नायलॉनच्या आधी पीव्हीसीचा पाइप लावायला सांगितला आणि कटरऐवजी कॉलेटमध्ये स्केचपेन. प्रोग्रॅम होता नुसता मोठा ‘क’ गुंडाळायचा. पाइपवर ‘क’ आरशातला उमटला. म्हणजे ए ची दिशा उलटी, ग्रूव्ह डाव्या हाताचा झाला असता आणि ड्रम फुकट गेला असता. आमची रोटरी आधी टेबलाच्या डाव्या टोकाला होती, जागेसाठी उजवीकडे फिरवून लावली होती.

---

मेंटेनन्सवाला, वागळे इस्टेट | मंगळवार, रात्री ८.३०

रोटरीचं तोंड फिरलं की दिशा उलटते. पोस्टमध्ये बदलता येते किंवा पॅरामीटर २०२२ मध्ये १११ चं उणे १११ करून. दोन्हीकडे बदललं तर परत उलटं होईल, एकाच ठिकाणी बदला आणि मशीनवर चिठ्ठी लावा. तुमच्या सरांची स्केचपेनची पद्धत मी आता सगळ्यांना सांगणार.

---

टूलरूमचे काका | मंगळवार, रात्री ९.१०

नवी मिलर, शाबास. आमच्या काळी डिव्हायडिंग हेड होतं. हँडलच्या ४० फेऱ्यांना जॉबचा एक फेरा. सात खाचा हव्या असतील तर २१ भोकांची प्लेट लावून पाच फेरे आणि वर १५ भोकं. आणि हँडल नेहमी एकाच दिशेने आणायचं. पुढे गेलं तर अर्धा फेरा मागे घेऊन पुन्हा पुढून यायचं, म्हणजे प्ले एकाच बाजूला राहतो. तुमच्या सर्व्होलाही हे लागू आहे. जिथे कोन फार नाजूक असेल तिथे ए नेहमी एकाच बाजूने आणा, फॅनकमध्ये त्यासाठी जी ६० आहे.

---

गाळा नंबर १४ | गुरुवार, रात्री ११.२०

उशीर झाला, पण आजच सांगायचं होतं.

बार लावला. ए० ला वायचं सेंटर उणे २१२.४८०, ए१८० ला उणे २१२.५४०. सरासरी उणे २१२.५१०. आणि माझा शून्य होता उणे २१२.४८०! तोच ०.०३ चा फरक, काकांनी मशीन न बघता सांगितलेला.

प्लेही तपासला, फिटरदादा. १०० मिमीवर काटा एक रेघ हलतो, तेवढाच. रोटरी ठणठणीत आहे.

मग लांब बार धरून रोटरी एक्सच्या समांतर आहे का ते पाहिलं. ३०० मिमीत बाजूने ०.०५ तिरकी होती. टी-स्लॉटच्या चाव्या स्लॉटपेक्षा ढिल्या आहेत, मी नुसत्या त्यांच्या भरवशावर आवळली होती. रीडिंग ए० आणि ए१८० ला घेऊन सरासरी काढली, म्हणजे बारचा वाकडेपणा त्यात येत नाही. रोटरी ठोकून ०.०१ मध्ये आणली. बॅकप्लेट कमी केली, चक हातोडीने खरा केला. यातच बुधवारची रात्र गेली, दोन्ही मुलं थांबली होती.

आज पहिला नग: चारही खाचा ०.०१ च्या आत, खोली सगळ्यांची सारखी. दहा नग झालेत. फुकट गेलेल्या चाळीसपैकी एक नग मी टेबलावर ठेवलाय, त्यावर ०, ९०, १८०, २७० असं मार्करने लिहून. मुलांना त्याच्यावरच समजावलं.

पुढचं काम १८० मिमी लांबीच्या शाफ्टचं आहे, टेलस्टॉक (शाफ्टचं दुसरं टोक धरणारा आधार) लागेल. तो रोटरीशी कसा जुळवायचा?

---

टूलरूमचे काका | शुक्रवार, सकाळी ६.०५

आता रोटरी खरी आहे, तिला हात लावू नका. टेलस्टॉक तिच्याकडे आणायचा. दोन सेंटरमध्ये ग्राइंड केलेला बार धरा, डायल स्पिंडलला, आणि रोटरीच्या टोकाचं रीडिंग शून्य करा. मग टेलस्टॉकच्या टोकाला जा. आधी उंची बघा, वरून. कमी असेल तर खाली शिम (पातळ पत्रा), जास्त असेल तर बूड ग्राइंड करावं लागेल. उंची जमल्यावर बाजूने. शेवटी सेंटरचा दाब हाताने जेवढा येतो तेवढाच ठेवा, जास्त दिला तर शाफ्ट मधे वाकतो आणि डायलला ते दिसतं.

बारला दोन्ही तोंडांना सेंटर ड्रिल लेथवर एकाच सेटिंगमध्ये होत नाही, त्यामुळे बार विकतचा, दोन्ही सेंटर ग्राइंड केलेला घ्या. नागदेवी स्ट्रीटला मिळेल. घेताना सोबत मायक्रोमीटर न्या आणि दोन टोकांना, मधे असं तीन ठिकाणी मोजूनच पैसे द्या.